ढाका ११३८

आमच्या लहानपणी घरात तार आली, की ती उघडण्याआधीच आजी देवापुढे जाऊन बसायची. तार म्हणजे कुणीतरी गेलं, नाहीतर कुणीतरी अत्यवस्थ आहे. शब्दागणिक पैसे पडत, त्यामुळे मजकूर चार-पाच शब्दांचा; पण तेवढ्यानं सगळं घर हलायचं. पोस्टाची ही तार २०१३ च्या जुलैत कायमची बंद झाली. आता नव्या पिढीला तो धसका समजावून सांगावा लागतो.

राजदूतांच्या जगात मात्र तार अजून जिवंत आहे. तिथे तिला ‘केबल’ म्हणतात. दूतावासातून राजधानीकडे जाणारा सांकेतिक संदेश आज संगणकावरून जातो, तरी नाव तेच राहिलं आहे. प्रत्येक केबलवर ती जिथून निघाली त्या ठिकाणाचं नाव आणि क्रमांक असतो. या प्रकरणात जिच्याविषयी मुख्यतः सांगायचं आहे ती केबल म्हणजे ‘ढाका ११३८’. तारीख ६ एप्रिल १९७१. पाठवणारे अमेरिकेचे अधिकारी, वाचणारं सरकारही अमेरिकेचंच. आणि तिच्यातलं वर्तमान असं, की आपल्या देशानं लोकशाहीची साथ सोडली आहे.

अमेरिकेच्या परराष्ट्र धोरणावर बाहेरच्यांनी पुष्कळ लिहिलं आहे. मला जास्त मोलाची वाटते ती आतल्यांची साक्ष. सरकारचा पगार घेणारी, त्याच्याच झेंड्याखाली राहणारी, पुढच्या बदलीची आणि पेन्शनची काळजी असणारी माणसं जेव्हा खाली सही करून लिहितात की आपलं चुकतं आहे, तेव्हा ते कागद जपून वाचावेत.

आर्चर ब्लड हे १९७० च्या मार्चमध्ये अमेरिकेचे महावाणिज्यदूत म्हणून ढाक्यात आले. जन्म शिकागोचा, शिक्षण व्हर्जिनियात, दुसऱ्या महायुद्धात नौदलात, १९४७ पासून परराष्ट्र सेवेत. बंडखोरीचा कुठलाही पूर्वेतिहास नाही. साठीच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी ढाक्यात एक नेमणूक काढली होती, त्यामुळे शहर ओळखीचं होतं आणि आवडतंही. आता ते तिथले प्रमुख झाले होते आणि इथून पुढे राजदूतपदापर्यंत जायचं, अशी सरळ चढती वाट त्यांच्यापुढे होती.

त्याच वर्षी नोव्हेंबरच्या १२ तारखेच्या रात्री पूर्व पाकिस्तानच्या किनाऱ्यावर चक्रीवादळ आलं. भोला बेटाच्या नावानं ते ओळखलं जातं. निदान तीन लाख माणसं गेली. इस्लामाबादच्या लष्करी सरकारनं मदतीला जी दिरंगाई केली, ती बंगाली माणूस विसरला नाही. महिन्याच्या आत, ७ डिसेंबरला, पाकिस्तानची पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. प्रौढ मताधिकारावर, एका माणसाला एक मत. पूर्वेकडच्या १६२ सर्वसाधारण जागांपैकी १६० जागा शेख मुजीबुर रहमान यांच्या अवामी लीगनं जिंकल्या. महिलांच्या राखीव जागा धरून ३१३ जणांच्या सभागृहात लीगचे १६७ सदस्य होत होते. स्वच्छ बहुमत. मुजीब हे साऱ्या पाकिस्तानचे पंतप्रधान व्हायला हवे होते. तेही अमेरिकेविषयी मनात अढी नसलेले पंतप्रधान. वॉशिंग्टनला आणखी काय हवं होतं?

१ मार्च १९७१ ला लष्करी सरकारचे प्रमुख जनरल याह्या खान यांनी राष्ट्रीय सभेची बैठक पुढे ढकलली. ढाका रस्त्यावर उतरलं. चर्चेचा घोळ घातला जात असताना पश्चिमेकडून सैनिक आणणं चालूच होतं. २५ मार्चच्या रात्री ब्लड यांच्या घरी जेवणाला पाहुणे होते. ते परत जाऊ शकले नाहीत, कारण रस्ते अडवले गेले होते. यजमान आणि पाहुणे गच्चीवर गेले. काळोखातून जाणाऱ्या गोळ्यांच्या लाल रेघा आणि शहराच्या वेगवेगळ्या भागांत पेटलेल्या आगी ते रात्रभर बघत राहिले. विद्यापीठातल्या जगन्नाथ हॉल या हिंदू विद्यार्थ्यांच्या वसतिगृहावर, राजारबागच्या पोलीस वसाहतीवर, जुन्या ढाक्याच्या गल्ल्यांवर लष्कर तुटून पडलं होतं. रस्त्यांवर फिरणारे रणगाडे अमेरिकी बनावटीचे होते.

परदेशी वार्ताहरांना हॉटेलात कोंडून दोन दिवसांत देशाबाहेर काढण्यात आलं. टेलिफोन बंद, तारा बंद. पण अमेरिकी वाणिज्य दूतावासाकडे स्वतःचं वायरलेस यंत्र होतं आणि त्याचा पत्ता लष्कराला नव्हता. ब्लड आणि त्यांचे सहकारी शहरात फिरून येत, जे दिसलं ते लिहीत आणि रात्री पाठवत. घरोघरच्या अमेरिकी कुटुंबांनी नोकरांच्या खोल्यांत बंगाली माणसांना लपवलं होतं. बरेचसे हिंदू, बरेचसे गरीब. तेही ब्लड यांनी वरिष्ठांना कळवून टाकलं. चोरून केलं नाही.

२८ मार्चच्या केबलला त्यांनी मथळा दिला तो ‘निवडक वंशसंहार’ अशा अर्थाचा. महावाणिज्यदूत हा शब्द उगाच वापरत नाही. १९४८ च्या आंतरराष्ट्रीय करारापासून त्या शब्दाला कायद्याचं वजन आहे. कोणाला वेचून मारलं जात आहे, हे त्यात होतं: अवामी लीगचे कार्यकर्ते, विद्यार्थी पुढारी, प्राध्यापक, हिंदू. हे आपल्या सरकारनं याह्या खान यांना निदान खासगीत तरी बोलून दाखवावं, एवढीच त्यांची मागणी होती. दुसऱ्याच दिवशी दिल्लीतल्या अमेरिकी राजदूतानं, केनेथ कीटिंग यांनी, तोच मथळा उचलून आपलीही केबल पाठवली. कीटिंग हे अध्यक्ष निक्सन यांच्याच पक्षाचे माजी सिनेटर. त्यांना भारताचे हस्तक म्हणून मोडीत काढणं सोपं नव्हतं. व्हाइट हाउसमध्ये तसं बोललं गेलं, ही गोष्ट वेगळी.

वॉशिंग्टनहून उत्तर आलं नाही.

एक आठवडा गेला. तो आठवडा ढाक्यातल्या त्या वीसएक लोकांनी कसा काढला असेल, याचा मी पुष्कळदा विचार केला आहे. रोज पाहायचं, रोज लिहायचं, आणि पलीकडे कुणी वाचत तरी आहे का, हेही कळायचं नाही. अखेर स्कॉट बुचर या तरुण राजकीय अधिकाऱ्यानं मसुदा लिहिला. वाणिज्य दूतावास, मदत संस्था आणि माहिती विभाग मिळून २० अमेरिकी अधिकाऱ्यांनी सह्या केल्या. तीच ही ढाका ११३८.

मजकूर सरळ होता. आपल्या सरकारनं लोकशाहीची गळचेपी होत असताना निषेध केला नाही. अत्याचारांचा निषेध केला नाही. उलट पश्चिम पाकिस्तानी राजवटीला सांभाळून घेण्याची धडपड केली. सोव्हिएत संघानं याह्या खान यांना निवडून आलेल्या नेत्याच्या अटकेविरुद्ध संदेश पाठवला, आणि लोकशाहीचा पुढारी म्हणवणारा आपला देश गप्प बसला. हे सगळं सार्वभौम देशाचं अंतर्गत प्रकरण आहे, अशी सबब पुढे केली जाते. आपल्या धोरणाला पुष्कळ लोक नैतिक दिवाळखोरी म्हणतील.

खाली ब्लड यांनी स्वतःचा परिच्छेद जोडला. हे पूर्व पाकिस्तानातले आपले उत्तमांतले उत्तम अधिकारी आहेत, त्यांच्या मताशी मी सहमत आहे, पण इथला प्रमुख असेपर्यंत मी स्वतः सही करणं योग्य होणार नाही. हा संयम मला फार महत्त्वाचा वाटतो. चूल वेगळी मांडली नाही, वर्तमानपत्राकडे धाव घेतली नाही. खुर्चीची शिस्त पाळून खुर्चीतूनच सांगितलं. शिवाय या केबलवर गोपनीयतेचा शिक्का खालच्या दर्जाचा होता, त्यामुळे ती परराष्ट्र खात्यात हातोहात गेली. त्याच दिवशी वॉशिंग्टनमधल्या दक्षिण आशियाच्या नऊ जाणकार अधिकाऱ्यांनी परराष्ट्रमंत्री विल्यम रॉजर्स यांना लेखी कळवलं, की आम्हीही यांच्याच बाजूचे आहोत.

रॉजर्स संतापले. राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार हेन्री किसिंजर यांनी अध्यक्षांशी बोलताना ब्लड यांना ढाक्यातला वेडा म्हटलं. निक्सन यांच्या कार्यालयात ध्वनिमुद्रण चालू असे, म्हणून हे आपल्याला कळतं. २८ एप्रिलला पाकिस्तानबद्दलच्या धोरणाचा कागद निक्सन यांच्यापुढे आला. त्यांनी खाली स्वतःच्या हातानं शेरा मारला: सर्वांसाठी सूचना, याह्यांवर या वेळी दबाव आणू नका. ‘नका’ या अर्थाच्या शब्दाखाली तीन रेघा ओढल्या. अमेरिकेच्या अभिलेखागारात हा कागद आहे. त्या तीन रेघांइतकं त्या वर्षीचं धोरण दुसऱ्या कशातच दिसत नाही.

कारण गुप्त होतं. चीनशी बंद पडलेला संवाद सुरू करायचा होता आणि निरोप्याचं काम याह्या खान करत होते. ९ जुलैला किसिंजर रावळपिंडीत पोट बिघडल्याचं निमित्त करून वार्ताहरांच्या नजरेआड झाले आणि पाकिस्तानी विमानानं बीजिंगला गेले. निक्सन-किसिंजर यांच्या बाजूचे लोक म्हणतात, की एवढ्या मोठ्या डावापुढे ढाक्यातल्या वीस जणांना काय दिसणार? हे म्हणणं झटकून टाकता येणार नाही. चीनचं दार उघडल्यानं जग बदललं, हे खरंच आहे. पण बीजिंगला निरोप पाठवायची ती एकच वाट नव्हती. रुमानियाचीही वाट होती आणि वापरातही होती. आणि याह्यांना खासगीत चार शब्द सुनावले असते, तर त्यांनी अमेरिकेशी असलेलं नातंच तोडलं असतं, हे कुणी सिद्ध केलेलं नाही. विचारून तरी बघायला हवं होतं.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. अध्यक्ष निवडून आलेला असतो. राजदूत आणि अधिकारी नेमलेले असतात. मग धोरण कुणाचं चालावं? माझं उत्तर असं आहे: चालावं अध्यक्षांचंच. ब्लड यांनीही ते नाकारलं नाही. एकही आदेश मोडला नाही. पण ज्याला निर्णय घ्यायचा अधिकार आहे, त्याला परिणाम ऐकून घ्यायचं बंधन आहे. आणि हे ऐकणं जिथे बंद होतं, तिथे बिघाड ढाक्यात नसतो, वॉशिंग्टनमध्ये असतो. अमेरिकी लोकशाहीला धोका कुठून येतो, या प्रश्नाचं त्या देशाच्या राजनैतिक अधिकाऱ्यांनी पिढ्यानपिढ्या दिलेलं उत्तर मला असंच दिसतं: खबर आणणाऱ्याचा जाच सुरू झाला, की समजावं.

ब्लड यांना जूनमध्ये ढाक्यातून हलवलं. वॉशिंग्टनला कर्मचारी विभागात टेबल मिळालं. ज्याला राजदूत व्हायचं होतं, तो इतरांच्या बदल्यांच्या फायली पाहू लागला. त्याच वर्षी परराष्ट्र सेवेतल्या अधिकाऱ्यांच्या संघटनेनं त्यांना निर्भीड मतभेदासाठीचा आपला हर्टर पुरस्कार दिला. सहकाऱ्यांनी मान दिला, सरकारनं वाट अडवली. राजदूतपद त्यांना कधीच मिळालं नाही.

त्या दिवसांची झळ आपल्या घरांपर्यंत कशी आली, हेही सांगायला हवं. सुमारे १ कोटी निर्वासित भारतात आले. त्यांच्या मदतीसाठी १५ नोव्हेंबर १९७१ पासून प्रत्येक पत्रावर पाच पैशांचं जादा तिकीट सक्तीचं झालं. अर्थमंत्री तेव्हा यशवंतराव चव्हाण होते. आमच्या घरी आलेली पत्रं भिंतीवरच्या आकड्याच्या तारेत ओवून ठेवत. ती तार परवापरवापर्यंत होती, आणि तिच्यातल्या त्या हिवाळ्याच्या पत्रांवर नेहमीच्या तिकिटाशेजारी हे छोटं तिकीट चिकटलेलं दिसे. सांगलीहून आलेल्या खुशालीच्या पत्रावर ढाक्याच्या रात्रीचे पाच पैसे.

ब्लड यांच्या केबली सरकारी कपाटात बंद राहिल्या. जगाला ही बातमी ज्यानं सविस्तर दिली, त्याचा जन्म बेळगावचा. अँथनी मस्कारेन्हस, गोव्याच्या ख्रिस्ती कुटुंबातला मुलगा, कराचीत वाढला, तिथल्याच वर्तमानपत्रात कामाला लागला. पाकिस्तानी लष्करानं काही पत्रकारांना आपली बाजू लिहून घेण्यासाठी पूर्वेकडे नेलं, त्यांत तो होता. त्यानं पाहिलं ते लिहायचं ठरवलं, आधी बायकामुलांना लंडनला पोचवायची व्यवस्था केली, स्वतः अफगाणिस्तानमार्गे निसटला. १३ जून १९७१ च्या ‘संडे टाइम्स’मध्ये त्याचा लेख आला. मथळ्यात एकच शब्द होता, ब्लड यांनी मार्चमध्ये वापरला होता तोच: वंशसंहार. एक केबल लिहिणारा, दुसरा बातमी लिहिणारा. दोघांनाही एकच शब्द सापडला. मेलेल्यांच्या आकड्यांवर आजही वाद आहे. काही लाखांपासून बांगलादेश सरकारच्या ३० लाखांपर्यंत अंदाज आहेत.

ढाक्यातल्या वीस जणांनी सही करताना काय पणाला लावलं, हे कळायला वीस वर्षं मागे जावं लागतं.

दुसऱ्या महायुद्धात चीनमध्ये काम केलेल्या अमेरिकी अधिकाऱ्यांची एक पिढी होती. त्यांतले कित्येक मिशनऱ्यांचे मुलगे, चीनमध्येच जन्मलेले, चिनी भाषा घरच्यासारखी बोलणारे. जॉन सर्व्हिस हा त्यांतला एक. १९४४ मध्ये तो येनानला जाऊन कम्युनिस्ट नेत्यांना भेटला आणि त्यानं कळवलं, की च्यांग कै-शेक यांची राजवट आतून किडली आहे, लोक तिच्यापासून दुरावत आहेत, माओंशी आतापासून संबंध ठेवलेले बरे. हे त्याचं निदान होतं, इच्छा नव्हती. १९४९ मध्ये ते खरं ठरलं. मग वॉशिंग्टनमध्ये शोध सुरू झाला, की चीन ‘घालवला’ कुणी? सिनेटर जोसेफ मॅकार्थी यांनी १९५० मध्ये परराष्ट्र खात्यात कम्युनिस्ट भरल्याचा आरोप केला, आणि ज्यांनी चीनचं खरं चित्र कळवलं होतं तेच संशयित ठरले.

सर्व्हिसला १९५१ च्या डिसेंबरमध्ये काढून टाकलं. त्याला न्यूयॉर्कमध्ये वाफेच्या नळ्यांचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात नोकरी मिळाली. माओंशी समोरासमोर बोललेला अधिकारी तिथे वाफेच्या सापळ्याची रचना सुधारत बसला. १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं निकाल दिला, की त्याला काढणं बेकायदा होतं. तो परत आला, पण चीनच्या जवळपासही नाही. नेमणूक मिळाली इंग्लंडमधल्या लिव्हरपूलला. जॉन पेटन डेव्हिस याला १९५४ मध्ये काढलं. तो पेरू देशात गेला आणि लाकडी फर्निचर करू लागला. पुढे व्हिएतनामचे निर्णय होत होते, तेव्हा आशिया जाणणारी ही माणसं टेबलाशी नव्हती. जी होती, त्यांना पूर्वसूरींचं काय झालं ते पाठ होतं. अप्रिय खरं लिहिलं की काय होतं, याचा धडा एका पिढीला दिला की पुढच्या दोन पिढ्या तो आपणहून गिरवतात.

तेव्हाच्याच काळात, १९४६ च्या २२ फेब्रुवारीला, जॉर्ज केनन यांनी मॉस्कोहून ती प्रसिद्ध लांबलचक तार पाठवली होती. शीतयुद्धाचं सारं धोरण तिच्यावर उभं राहिलं, म्हणून सगळे तिची सुरुवात सांगतात. तिचा शेवट मला अधिक महत्त्वाचा वाटतो. सोव्हिएत संकटाशी झगडताना आपणच त्यांच्यासारखे होऊन बसू, हा सर्वांत मोठा धोका, असं केनन यांनी बजावलं होतं.

१९७० मध्ये कंबोडियात अमेरिकी सैन्य घुसलं, तेव्हा परराष्ट्र सेवेतल्या सुमारे ५० अधिकाऱ्यांनी निषेधाचं पत्र लिहिलं. निक्सन यांनी त्या सगळ्यांना काढायला सांगितलं. ते घडलं नाही. पण घरातली भांडणं घरातच ऐकायची काही सोय हवी, हे रॉजर्स यांना पटलं. त्यातून १९७१ च्या सुरुवातीला ‘डिसेंट चॅनल’ निघालं. ढाक्याची केबल त्या वाटेनं गेलेल्या अगदी पहिल्यांपैकी. म्हणजे वाट काढून दिली रॉजर्स यांनीच, आणि तिच्यावरून पहिली पावलं आली तेव्हा संतापलेही तेच.

ही सोय आजही आहे. जगातल्या कुठल्याही अमेरिकी दूतावासातला अगदी कनिष्ठ अधिकारीसुद्धा धोरणाविरुद्ध थेट लिहू शकतो. राजदूताला ती केबल अडवता येत नाही. खात्याच्या धोरण नियोजन विभागानं साधारण ३० ते ६० कामाच्या दिवसांत सविस्तर उत्तर द्यायचं असतं, आणि लिहिणाऱ्यावर सूड घ्यायला नियमानं बंदी आहे. दुसऱ्या कुठल्या देशानं एवढी पक्की व्यवस्था केल्याचं मला तरी आढळलेलं नाही. आपल्याकडेही असं काही असावं, असं मला मनापासून वाटतं. मात्र नियमाला सूड रोखता येतो तो उघड. बढतीच्या यादीतून गळलेलं नाव नियमाला दिसत नाही. आणि तिथून येणारं प्रत्येक मत शहाणपणाचंच असतं असंही नाही. २०१६ मध्ये ५१ अधिकाऱ्यांनी सीरियात असाद राजवटीवर लष्करी हल्ले करावेत असं याच वाटेनं सुचवलं. मला तो सल्ला धोक्याचा वाटला होता, अजूनही वाटतो. पण तो कागदावर आला हे बरं झालं.

ऐकणारं कुणी असलं तर काय होऊ शकतं, याचं उदाहरण ब्यूनोस आयर्सचं आहे. अर्जेंटिनात १९७६ पासून लष्करी राजवट होती; माणसं घरातून उचलली जात आणि पुन्हा दिसत नसत. १९७७ मध्ये टेक्स हॅरिस हा अधिकारी तिथे आला. उंची साडेसहा फुटांहून जास्त, आवाज तसाच मोठा. त्यानं ठरवलं, की रोज दुपारी दोन तास दूतावासाचं दार नातेवाइकांसाठी उघडं ठेवायचं. आया येत, हातात मुलाचा फोटो. हॅरिस प्रत्येकीला बसवून घेई आणि नाव, वय, कुठून नेलं, कोणत्या तारखेला, गाडी कुठली होती, हे एकेका कार्डावर उतरवे. वॉशिंग्टनमध्ये कार्टर यांचं सरकार होतं आणि मानवाधिकार विभागात पॅट्रिशिया डेरियन या बाई होत्या. त्यांना ही माहिती हवी होती. दूतावासातल्याच वरिष्ठांना ती नको होती. हॅरिसचे अहवाल अडवले गेले, त्याच्यावर वाईट शेरे मारले गेले, नोकरी जाता जाता राहिली. १९९३ मध्ये खात्यानं त्याचा मोठा सन्मान केला. त्या कार्डांवरची नावं मात्र तोवर अर्जेंटिनाच्या इतिहासात गेली होती.

२००३ च्या इराक युद्धाआधी तीन अधिकाऱ्यांनी राजीनामे दिले: अथेन्सहून जॉन ब्रॅडी कीसलिंग, वॉशिंग्टनहून जॉन ब्राउन, मंगोलियाच्या उलानबातरहून ॲन राइट. इराककडे जी शस्त्रं असल्याचं सांगितलं, ती सापडली नाहीत.

इथवरची कहाणी परक्या देशातल्या लोकशाहीची होती. २०१९ मध्ये ती घरात शिरली. मारी योव्हानोव्हिच युक्रेनमध्ये राजदूत होत्या. आई-वडील नाझी आणि सोव्हिएत राजवटींच्या तावडीतून सुटून आलेले, म्हणून लेकीनं देशाची सेवा करायचं ठरवलेलं. २४ एप्रिलच्या रात्री कीव्हमधल्या आपल्या निवासस्थानी त्या एका समारंभाच्या यजमान होत्या. कातेरिना हांझुक या कार्यकर्तीचा तो मरणोत्तर सन्मान होता. भ्रष्टाचाराविरुद्ध लढणाऱ्या या बाईवर ॲसिड फेकलं गेलं होतं आणि काही महिने यातना भोगून ती गेली होती. समारंभ चालू असताना वॉशिंग्टनहून फोन आला. मध्यरात्रीनंतर पुन्हा आला: पुढच्या विमानानं निघून या. कारण सांगितलं नाही.

कारण नंतर बाहेर आलं. अध्यक्ष ट्रम्प यांच्या वकिलाला आणि त्याच्या युक्रेनमधल्या साथीदारांना त्या वाटेतल्या अडसर वाटत होत्या. जुलैमध्ये ट्रम्प यांनी युक्रेनचे अध्यक्ष झेलेन्स्की यांना फोनवर आपल्या राजकीय प्रतिस्पर्ध्याची चौकशी करायला सांगितलं. सुमारे ३९ कोटी डॉलरची लष्करी मदत त्या वेळी अडकवून ठेवली होती. योव्हानोव्हिच यांच्या जागी गेलेले बिल टेलर, व्हिएतनाममध्ये लढलेला माणूस, यांनी सहकाऱ्याला संदेश पाठवला, की प्रचाराला मदत व्हावी म्हणून सुरक्षेची मदत रोखणं हा वेडेपणा आहे. १५ नोव्हेंबरला योव्हानोव्हिच यांनी काँग्रेससमोर उघड साक्ष दिली. भ्रष्ट परकी हितसंबंध आपल्या सरकारला असं कसं वाकवू शकले, हा त्यांचा प्रश्न होता. साक्ष चालू असतानाच अध्यक्षांनी त्यांच्यावर ट्वीट केलं. साक्ष संपली तेव्हा सभागृहातले लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. ट्रम्प यांच्यावर महाभियोग झाला, सिनेटनं त्यांना दोषमुक्त केलं आणि योव्हानोव्हिच निवृत्त झाल्या.

६ जानेवारी २०२१ ला वॉशिंग्टनमध्ये जमाव कॅपिटॉलमध्ये घुसला. त्यानंतर काही दिवसांतच डिसेंट चॅनलवरून अधिकाऱ्यांच्या केबली गेल्या. इतर देशांतल्या अशा घटनांचा आपण निषेध करतो, मग स्वतःच्या अध्यक्षांचं नाव घेऊन का करत नाही, असा त्यांचा सूर होता. ट्रम्प यांना पदावरून दूर करण्याच्या कायदेशीर वाटांना, अगदी राज्यघटनेच्या २५ व्या दुरुस्तीलाही, पाठिंबा द्यावा असं त्यांत लिहिलं होतं. ढाक्याच्या वीस जणांनी पाकिस्तानातल्या लोकशाहीच्या गळचेपीविषयी जी भाषा वापरली होती, ती पन्नास वर्षांनी त्यांच्या वारसांना स्वतःच्या राजधानीबद्दल वापरावी लागली.

२०२५ च्या जुलैत परराष्ट्र खात्यातल्या १,३०० हून अधिक लोकांना एकाच दिवशी काढलं. लोकशाही आणि मानवाधिकार पाहणारे विभाग आवळले गेले. त्याच महिन्यात जगभरच्या दूतावासांना सूचना गेली, की परदेशातल्या निवडणुका स्वच्छ झाल्या की नाही, यावर आपण होऊन बोलू नका. ७ डिसेंबर १९७० च्या ढाक्यात आज एखादा ब्लड असता, तर १६० जागांचा अर्थ जाहीरपणे सांगायचीही त्याला चोरी होती.

आर्चर ब्लड १९८२ मध्ये निवृत्त झाले आणि पेनसिल्व्हेनियातल्या एका लहान कॉलेजात शिकवू लागले. त्यांनी त्या दिवसांची आठवण लिहिली ती पुस्तकरूपानं २००२ मध्ये आली. न्यूयॉर्कच्या कुठल्या मोठ्या प्रकाशनानं नाही, ढाक्याच्या प्रकाशकानं छापली. २००४ च्या सप्टेंबरमध्ये ते कोलोरॅडोत वारले. पुढच्या वर्षी ढाक्यातल्या अमेरिकन सेंटरच्या वाचनालयाला त्यांचं नाव देण्यात आलं. ज्या सरकारनं त्यांना त्या शहरातून परत बोलावलं होतं, त्याच सरकारच्या इमारतीत दारावर आता आर्चर के. ब्लड अशी पाटी आहे.